सिप्रोफ्लॉक्सासिन ५००: जळजळ थांबली, प्रुफं खोळंबली

औषधाचे गुण आधी देऊन टाकतो. थंडी वाजून ताप, लघवीला आग, कंबर धरलेली. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू तपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ही प्रतिजैविक गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ एक. ताप लवकर उतरला, जळजळ गेली. त्या कामात नाव ठेवायला जागा नाही.

तक्रार डोक्याची आहे. मी मुद्रितशोधक, माझं पोट ऱ्हस्व-दीर्घावर चालतं. भूक लागायला लागली म्हणून प्रुफांचा फॉर्म पुढ्यात घेतला, तर ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली. तळटिपेचा आकडा मजकुरात सापडेना. सापडला की तो कशासाठी शोधत होतो ते आठवेना. रात्री टक्क जाग, छातीत धडधड, उगाचच चिडचिड. बायको म्हणाली, "अशक्तपणा आहे, पेज घ्या." आमच्याकडे सगळ्यावर पेज.

उलगडा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये झाला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, दिवसाला चहा किती?" प्रुफं वाचणाऱ्याला विचारू नये असा प्रश्न. त्यांनी सांगितलं ते असं: यकृतातलं जे एन्झाइम कॅफीनचा निचरा करतं, त्यालाच ही गोळी अडवते. म्हणजे नेहमीचाच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो आणि झोप उडवतो. शिवाय मेंदूला आवर घालणाऱ्या गाबा या रसायनाच्या कामातही ही गोळी ज्यात मोडते त्या फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधं लुडबुड करू शकतात. पुढचं मी घरी येऊन वाचलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१८ साली या गटाच्या माहितीपत्रकांत लक्ष न लागणं, स्मरणशक्तीवर परिणाम, दिशाभान हरपणं, अस्वस्थता हे सगळं ठळक लिहायला लावलं आहे. अर्थात ताप आणि जागरणानेही डोकं चालेनासं होतं, त्यामुळे सगळं खापर गोळीवर फोडणार नाही.

डॉक्टरांना फोन केला. कोर्स मनाने सोडू नका, चहा आवरा, भास झाले किंवा बरळायला लागलात तर लगेच या, असं म्हणाले. दुपारनंतरचा चहा बंद केल्यावर झोप लागायला लागली. लक्ष मात्र कोर्स संपल्यावरच पूर्ववत झालं. प्रकाशकाला तोपर्यंत थांबवलं; त्यांनीही कुरकुर केली नाही, पुस्तक तसंही दोन दिवाळ्या रखडलेलं.

गोळीला पाचात चार. एक कापला तो माहितीपत्रकाचा. दुकानात पाकीट कात्रीने कापून देतात. लाल रेघ दिसते, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये एवढं कळतं. बाकीचा कागद खोक्यातच राहतो. दुकानातल्या बाईंना पाचात पाच, कारण तो कागद त्यांनी तोंडी वाचून दाखवला. दूध, दही, कॅल्शियम, लोह आणि पित्ताचं औषध गोळीसोबत नको, नाहीतर ती नीट शोषली जात नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

घेण्यापूर्वी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर साखर एकदम उतरू शकते, आणि त्यानेही माणूस गोंधळतो. दम्याचं थिओफिलिन असेल तर आवर्जून सांगा. पाठ-मानेसाठी टिझानिडीन हे स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर ही गोळी त्याच्यासोबत घ्यायचीच नाही. पाठदुखीच्या काही गोळ्यांत ते वेदनाशामकाबरोबर मिसळलेलं असतं, तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरं बघा.