जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट की विंडोज ११?

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्यांपासून कोथरूडच्या घरांपर्यंत जुनी मशीनं अडकली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रुफस या पेनड्राइव्ह तयार करायच्या सॉफ्टवेअरने ही तपासणी चुकवता येते, पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. रोजच्या कामाच्या मशीनवर हा प्रकार अजिबात करू नका.

विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम मोफत आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स आहेत. मात्र निवड पैशावर करू नका, आपल्या जुन्या फायली कशात आहेत ते आधी बघा.

युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, न वापरणाऱ्या श्रीलिपीसारख्या फाँटमधला मजकूर मिंटवर रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये जसा दिसतो तसाच टाइप होतो, म्हणजे वेलांटी ‘थ’च्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं, आधी ‘र्’, मग ‘थ’, मग वेलांटी. कन्व्हर्टर चुकतात ते बहुतेक इथेच. वर्षानुवर्षांची पुस्तकं अशा फाँटमध्ये असतील, किंवा कोरलड्रॉ आणि टॅलीवर धंदा चालत असेल, तर पैसे मोजून विंडोज ११ चं नवं मशीन घ्या. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या वाइनच्या भरवशावर राहू नका.

मजकूर युनिकोडमध्ये असेल तर मात्र मिंट उत्तम. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड सेटिंगमधून लगेच जोडता येतो. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस १.६ हे सॉफ्टवेअर घ्या, १.४ मध्ये जोडाक्षरं तुटायची.

एचर या सॉफ्टवेअरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवा आणि इन्स्टॉल न करता आधी लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच, चालवून बघा. वायफाय लागतं का, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का आणि मुख्य म्हणजे प्रिंट निघते का. दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅप्ट या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो, त्यामुळे साध्या ड्रायव्हरला दाद देत नाही. लिनक्सवर तो चालवणं कटकटीचं आहे.

दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर डिस्कवरचं विंडोजचं पार्टिशन लहान करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, बंद करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा, नाहीतर मिंटही रखडेल. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावाच, पण ते फक्त सिस्टिम जपतं. गिऱ्हाइकांच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावाच लागेल.