चालू फायरवॉल जोडी पॅनोरामात घेताना: आयात की कोरी सुरुवात?

पालो अल्टोची एचए जोडी (हाय अव्हेलेबिलिटी: एक फायरवॉल पडला तर दुसरा काम उचलतो) आधीच रहदारी हाताळत असेल, तर ती पॅनोरामाखाली, म्हणजे अनेक फायरवॉल एका जागेवरून सांभाळणाऱ्या पालो अल्टोच्याच प्रणालीखाली, आणायचे दोन मार्ग आहेत: तिचं कॉन्फिगरेशन आहे तसं ओढून घेणं, किंवा पॅनोरामावर सगळं नव्याने बांधून जोडीवर उतरवणं.

जोडणीपुरतं दोन्हींत फरक नाही. पॅनोरामाची पॅन-ओएस (दोन्हींवरची ऑपरेटिंग सिस्टिम) आवृत्ती फायरवॉलच्या बरोबरीची किंवा पुढची हवी, टीसीपी पोर्ट 3978 खुला हवा, घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) हवीत. 'मॅनेज्ड डिव्हाइसेस'मध्ये दोन्ही सिरीयल नंबर भरून पॅनोरामावर कमिट करायचं, म्हणजे बदल लागू करायचे. पॅन-ओएस 10.1 पासून रजिस्ट्रेशन ऑथ की (पॅनोरामावर तयार होणारी नोंदणीची किल्ली) फायरवॉलवर भरावी लागते. तिची मुदत संपली असेल तर सिरीयल बरोबर असूनही जोडणी होत नाही.

आयातीत रूल, नॅट (पत्ते बदलण्याचे नियम), व्हीपीएन सगळं जसंच्या तसं येतं, म्हणून खंड कमी. पण क्रम चुकला की अडकता. आधी दोन्ही पीअरवर (जोडीतल्या फायरवॉलवर) कॉन्फिग सिंक, म्हणजे एकमेकांचं कॉन्फिगरेशन आपोआप जुळवणं, बंद करा, मग एकेकाचं कॉन्फिगरेशन आयात करा. आयातीच्या खिडकीत शेअर्ड ऑब्जेक्ट (रूलमध्ये वापरलेले पत्ते, सेवा वगैरे) पॅनोरामाच्या शेअर्डमध्ये टाकण्याची खूण आधीच लावलेली असते. ती काढा, नाहीतर एका साइटचे पत्ते सगळ्या डिव्हाइस ग्रुपांत (सामायिक रूल-ऑब्जेक्ट मिळणाऱ्या फायरवॉलच्या गटांत) दिसू लागतात. पॅनोरामावर कमिट झालं की 'एक्स्पोर्ट ऑर पुश डिव्हाइस कॉन्फिग बंडल'. हीच पायरी लोक गाळतात. फायरवॉलवरचे स्थानिक रूल आणि ऑब्जेक्ट ती पुसते; ती न करता पुश केलं (पॅनोरामावरून कॉन्फिगरेशन फायरवॉलवर उतरवलं) तर तीच नावं दोनदा येतात आणि कमिट नापास होतं. शेवटी दोघांना एकाच डिव्हाइस ग्रुपमध्ये आणून सिंक पुन्हा चालू करा.

तोटा एकच, पण मोठा: वर्षानुवर्षं साचलेले मेलेले रूलही सोबत येतात.

कोऱ्या सुरुवातीत तो कचरा जातो आणि एकच टेम्प्लेट स्टॅक (नेटवर्क आणि डिव्हाइस सेटिंगच्या साच्यांचा संच) अनेक साइटना पुरतो. साइटगणिक बदलणारे आयपी व्हेरिएबलमध्ये ठेवता येतात. मात्र मोठी देखभाल-वेळ मागून घ्यावी लागते. व्हीपीएनच्या प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांवर सारखे ठेवलेले गुप्त शब्द) जुन्या कॉन्फिगरेशनमधून वाचता येत नाहीत, त्यामुळे त्या कुठे लिहून ठेवल्या नसतील तर पलीकडच्या टोकाशी बोलून नव्या ठरवाव्या लागतात. हे काम हमखास अंदाजापेक्षा लांबतं.

एक-दोन जोड्या असतील आणि रूल बऱ्यापैकी नीट असतील, तर आयातच करा. सारख्या साच्याच्या दहा साइट असतील किंवा हार्डवेअर बदलायचंच असेल, तर कोरी सुरुवात.

मार्ग कोणताही असो, एचएची पीअर आयपी (जोडीदाराचा पत्ता) आणि प्रायॉरिटी (कोणी सक्रिय राहायचं हे ठरवणारा आकडा) सामायिक टेम्प्लेटमध्ये थेट आकडे म्हणून घालू नका. 'फोर्स टेम्प्लेट व्हॅल्यूज' (स्थानिक मूल्यांवर टेम्प्लेटची मूल्यं लादणारा पर्याय) लावून पुश केलं की दोन्ही पीअरना एकच मूल्य मिळतं आणि एचए मोडतो. एकाच लेयर-2 वर (एकाच स्विच-नेटवर्कवर) दोन जोड्या असतील तर एचएचे ग्रुप आयडी वेगळे ठेवा, कारण व्हर्च्युअल मॅक (जोडीचा सामायिक हार्डवेअर पत्ता) त्यावरूनच बनतो. पहिला पुश पॅसिव्हवर (जोडीतल्या राखीव फायरवॉलवर) करा. तो पॅनोरामाशी जोडलेला राहिला, रूल बरोबर उतरले, की फेलओव्हर करून (रहदारी त्याच्याकडे वळवून) दुसरा घ्या.