जांभूळमाळ ट्रेल रिव्ह्यू: मुंबईतलं सगळ्यात उंच टोक, पैसे वसूल का?

आधीच सांगून टाकते, डोंगराला पाच स्टार, गाईडला पाच स्टार, आणि ज्या ग्रुपकडून बुकिंग केलं त्यांना ओढूनताणून अडीच. ग्रुपचं नाव टाकत नाहीये, मला कुणाशी भांडायचं नाही आणि वीकेंडचे ट्रेक विकणारे बरेचसे ग्रुप हल्ली असेच चालतात, त्यामुळे नावापेक्षा बुकिंगच्या आधी काय विचारायचं ते कळलेलं बरं.

बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हटलं की वनराणीची छोटी ट्रेन, सफारी आणि कान्हेरीच्या लेण्यांना गेलेली शाळेची सहल एवढंच आठवतं आपल्याला. त्याच पार्कात ४६८ मीटर उंचीचं जांभूळमाळ आहे, मुंबईतला सर्वात उंच पॉइंट, आणि हे बोरिवलीच्या दौलतनगरात अख्खं आयुष्य काढलेल्या माझ्या जाऊबाईंना पण माहीत नव्हतं. तिथे मनात आलं आणि गेलो असं चालत नाही हां, परवानगी आणि गाईड लागतो, बिबट्यांचं जंगल आहे ते, आणि हे बरोबरच आहे असं माझं मत. उगाच कुणाच्या ओळखीने मागच्या वाटेने घुसायचे प्रकार करू नका.

४६८ ऐकून कळसूबाईवाली मंडळी नाक मुरडतात. कळसूबाई १६४६ आहे मान्य, पण बारी गावात गाडीतून उतरता तेव्हाच तुम्ही बरीच उंची बसून चढलेले असता, इकडे सुरुवात जवळजवळ समुद्राच्या लेव्हलला आणि वर मुंबईची दमट हवा, घाम येतो तो वाळतच नाही, टीशर्ट पिळून काढावा अशी अवस्था. पायांपेक्षा आधी दम जातो. शेवटचा चढ तर सरळ अंगावर येतो, घसारा आहे, बारीक खडी पायाखालून सटकते, आणि मधेमधे कातळ आला की उलट बरं वाटतं कारण कोरड्या कातळावर बूट मस्त धरतात. गुळगुळीत सोलचे जिमचे शूज घालून आलेली दोन पोरं उतरताना बसून बसून घसरत आली, पँटी फाटल्या.

आता गाईडबद्दल. पार्कातल्याच पाड्यावरचे काका होते, अख्ख्या पैशांची किंमत मला विचाराल तर त्यांची. चढाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना थांबवून म्हणाले, काही झालं तरी कारवीला धरायचं नाही. मला वाटलं झाड तुटू नये म्हणून सांगतायत. तसं नाही, कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, इथे २०१६ ला फुललेली आणि मग २०२४ ला, आणि एकदा फुलून बी धरलं की ती अख्खी झुडपं मरतात. म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्या काठ्या रेलिंगसारख्या उभ्या दिसतात त्यातल्या कितीतरी मेलेल्या असतात, वजन टाकलं की कटकन मोडणार आणि तुम्ही सरळ खाली. त्याच काठ्या विणून वर शेणमातीने लिंपून पूर्वी घरांच्या कुडाच्या भिंती करायचे हेही त्यांनीच सांगितलं. दगडावर वाळलेली बिबट्याची विष्ठा दाखवली, त्यात केस दिसत होते, आणि वाटेत आडवं जाळं लावून बसलेला तळहाताएवढा जायंट वुड स्पायडर दाखवला, ऊन पडलं की त्याचं जाळं सोनेरी दिसतं. ते जाळं न मोडता बाजूने वाकून सगळ्यांना पुढे नेलं. असा माणूस सोबत नसेल तर हा नुसता घामाघूम करणारा डोंगर आहे.

पण होतं काय, एका गाईडमागे ग्रुपने एवढी माणसं भरलेली की मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. मी पुढे घुसले म्हणून मला ऐकू आलं. शेवटी राहणाऱ्यांसाठी स्वीप म्हणून कोणीतरी असायला हवा ना, तो ग्रुपचा मुलगा पुढे जाऊन रील काढत होता आणि मागे एक साठीच्या मावशी एकट्याच चढत होत्या, शेवटी आम्हीच दोघीतिघी थांबलो. वर सकाळी गेटवर उशिरा येणाऱ्यांची वाट बघण्यात इतका वेळ घालवला की चढ लागेपर्यंत ऊन डोक्यावर. नाश्त्याचे पोहे गार, पण कांदा सढळ होता, तेवढा अर्धा स्टार त्याचा.

वरून काय दिसतं? हवा स्वच्छ असेल तर एकीकडे तुळशी तलाव, एकीकडे विहार तलाव. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही मुंबईला पाणी द्यायला बांधलेले, आणि आपण जिला नाला म्हणून शिव्या घालतो ती मिठी नदी विहार-पवईच्या ओव्हरफ्लोमधूनच निघते. चारी बाजूंनी टॉवर आणि मधे हे एवढं हिरवं, जाऊबाई तर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, जे त्यांच्या बाबतीत विशेष आहे.

येताना कान्हेरी बघणार असाल तर पाय शिल्लक ठेवा. तीन नंबरच्या चैत्यात सगळे जातात, पण मला त्या पाण्याच्या पोढी जास्त आवडतात, पावसाचं पाणी कातळात वळवून साठवायची सोय, आणि खोदलेल्या पायऱ्या इतक्या शतकांनंतरही धडधाकट आहेत. आमच्या ग्रुपने कान्हेरी 'वेळ उरल्यास' असं लिहिलेलं, वेळ अर्थातच उरला नाही, आम्ही मागे थांबून आपापलं तिकीट काढून बघितलं.

तर बुकिंग करताना विचारा: एका गाईडमागे किती जण, स्वीप कोण, परवानगीचं पत्र आहे का, निघायची वेळ पक्की का. उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या, दुसरा ग्रुप मिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. दोन लिटरच्या वर पाणी घ्या, स्टीलच्या बाटलीत, प्लास्टिक गेटवर अडवतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, आणि हो, सोमवारी पार्क बंद असतं, मंगळवारी रजा टाकून जाऊ शकलात तर गर्दी फारच कमी.