जुनं इंजिन दुरुस्त करायला घ्यायचं, तर कुठलं: जाम पण पूर्ण, की फिरतं पण अर्धवट?

भंगारात जुनी इंजिनं बहुतेक या दोन अवस्थांत सापडतात. फ्लायव्हीलला, म्हणजे बाजूच्या जड चाकाला, जोर लावला आणि ते फिरलं, की माणूस लगेच हरखतो. पण अशा इंजिनाचा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग), कार्ब्युरेटर, तेलाच्या पितळी कुप्या कुणीतरी आधीच काढून नेलेल्या असतात. तांब्या-पितळेला भाव येतो, म्हणून हेच भाग पहिले गायब होतात. आणि नंतर शोधायला गेलं तर नेमके हेच मिळत नाहीत.

जाम इंजिनाचं दुखणं बहुधा एकच: पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवायचं, पिस्टनवर डिझेल आणि पातळ ऑईल ओतायचं, काही आठवडे मुरू द्यायचं. मग पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके. फ्लायव्हीलच्या आऱ्यांवर घण घालणारे महाभाग असतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाकत नाही, सरळ तुटतं.

माझं मत जाम इंजिनाच्या बाजूने, फक्त वॉटर जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची थंडाव्याच्या पाण्याची पोकळी, शाबूत हवं. आत राहिलेलं पाणी थंडीत गोठलं असेल तर बीड तडकलेलं असतं, आणि ती भेग गंजाखाली सहज लपते. तारेच्या ब्रशने घासून बघा.

लिस्टर 6/1 मात्र याला अपवाद. मिनिटाला 650 फेरे घेणाऱ्या या 6 अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाच्या भरपूर नकला निघाल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात. ते अर्धवट असलं तरी, भाव पाडून, खुशाल उचला.