जपानी सायकस की आपल्या घाटातला?

बेळगावात अंगणातल्या कुंडीत दिसणारं सायकस, ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, बहुधा जपानी, म्हणजे सायकस रेव्होल्युटा. दुसरा, सायकस सर्सिनॅलिस, आपल्या पश्चिम घाटातला. खानापूरकडचा पाऊस सोसणारा. दोन्ही रोपं लहान असली की नर्सरीवाल्यांचीही गल्लत होते. माझ्याकडे पाच वर्षं एक रोप चुकीच्या पाटीखाली वाढलं.

पानाची एक पर्णिका, म्हणजे पानावरचं एक अरुंद पातं, बोटांत धरा आणि उलटी करा. जपानी सायकसची कड खालच्या बाजूला वळलेली असते, बोट फिरवलं की ती दुमड स्पष्ट लागते. टोक तर सुईसारखं टोचतं. घाटातल्याची पर्णिका सपाट, लांब, मऊ आणि चकचकीत. पान पसरतंही ऐसपैस, दोन मीटरपर्यंत सहज. जपानी पान आखूड, ताठ, आणि समोरून पाहिलं तर मधे खोलगट.

एक सावधगिरी मात्र हवीच: सावलीत वाढवलेल्या जपानी रोपाची पानं लांबतात, कडाही कमी वळतात. म्हणून नवं पान उन्हात येऊ द्या, मगच नाव ठरवा. मादी झाड असेल तर शंकाच उरत नाही. जपानीची बिया धरणारी पानं दाट पिवळसर लोकरीची, कडेला खोल चिरलेली. घाटातल्याची कड नुसती दातेरी.

जागा असेल तर मी घाटातलंच लावायला सांगेन. जंगलात ते संकटात आहे. फक्त रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलंच घ्या, रानातून उपटलेलं नको. आणि दोन्हींच्या बिया विषारी, कुत्र्यामांजरांपासून, लेकरांपासून लांब ठेवा.