फ्री डेरी संग्रहालय: एक जाकीट आणि दोन अहवाल

मी 29 वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, मी उतरवून घ्यायचे. उत्तर आयर्लंडमध्ये लेकीकडे गेले तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, पण डेरीचं हे संग्रहालय दाखव.

ते बॉगसाइड वस्तीत, ग्लेनफाडा पार्कला लागून आहे. विनाचौकशी स्थानबद्धतेविरुद्ध 30 जानेवारी 1972 ला निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या, तेव्हा काही माणसं याच आवारात पडली. 13 जण त्याच दिवशी गेले, चौदावे काही महिन्यांनी. त्यातली सहा मुलं 17 वर्षांची.

आत मृतांपैकी एक, जिम रे, यांचं जाकीट आहे. पाठीवर गोळ्यांची भोकं. मी तिथून बराच वेळ हलले नाही. पाठीत लागलेल्या गोळीची उलटतपासणी काय घेणार? जखमी मुलाला नेताना वाट मिळावी म्हणून फादर एडवर्ड डेली हलवत होते, तो रुमालही जपून ठेवलाय.

पण माझा जीव अडकला तो दोन अहवालांत. सैनिकांचे पहिले जबाब पोलिसांनी घेतलेच नाहीत, लष्कराच्याच मिलिटरी पोलिसांनी घेतले. सरन्यायाधीश लॉर्ड विजरींनी 11 आठवड्यांत चौकशी उरकली आणि मृतांपैकी काहींनी शस्त्रं हाताळल्याचा दाट संशय नोंदवला. हा डाग घरच्यांनी 38 वर्षं सोसला. 1998 ला लॉर्ड सॅव्हिल यांची चौकशी नेमली गेली, 900 हून जास्त तोंडी साक्षी झाल्या. (त्या शब्दन्शब्द टिपणाऱ्यांना मी मनोमन नमस्कार केला.) 15 जून 2010 ला अहवाल आला: गोळ्या लागलेल्यांपैकी कुणाकडूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, आणि अनेक सैनिक जाणूनबुजून खोटं बोलले. पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. इकडे डेरीच्या गिल्डहॉल चौकात विजरी अहवालाची प्रत फाडली गेली.

शिक्षा मात्र कुणालाच नाही. खुनाचा खटला एकाच सैनिकावर चालला; त्याचं नाव गुप्त ठेवून त्याला ‘सोल्जर एफ’ म्हटलं गेलं. ऑक्टोबर 2025 मध्ये तो निर्दोष सुटला. 1972 लाच जबाब नीट घेतले गेले असते तर न्यायाधीशांसमोर काय पुरावा आला असता, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मृतांचे नातेवाईकही इथे काम करतात. ते बोलत असतील तर थांबून ऐका. दोन तास तरी हाताशी ठेवा, आणि निघताना रॉसव्हिल स्ट्रीटवरच्या स्मारकावरची नावं वाचा.