चपडा, डीवॅक्स्ड की ब्लीच्ड: लाख कोणती घ्यावी?

लाकडाच्या पॉलिशसाठी लाख घेताना बहुतेक जण आधी रंग बघतात. जेवढी फिकट तेवढी भारी, असा समज आहे. पण रंग कसा उतरवला, हे विचारलं तर निवड सोपी होते.

सुरुवात तिन्हींची एकच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचा थर चढवतात. तो खरवडून, भरडून धुतला की तांबडा रंग पाण्याबरोबर जातो आणि दाणालाख उरते.

ती नुसती वितळवून गाळली की चपडा. जुन्या पद्धतीत दाणालाख लांबलचक कापडी पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळतात आणि पाझरलेल्या राळेचा पत्रा हातापायांनी ताणतात, दातांनीसुद्धा! कारखान्यात हे काम वाफ, दाब आणि रोलर करतात. सुमारे 5 टक्के मेण मात्र आत राहतं, म्हणून स्पिरिटमधलं द्रावण गढूळ दिसतं. तो माल खराब नसतो. फ्रेंच पॉलिशसाठी, म्हणजे कापडाच्या बोळ्याने लाखेचे पातळ थर घासत चढवायला, मी हाच घेईन. पण वर पॉलीयुरेथेन (प्लास्टिकसारखं वॉर्निश) लावायचं असेल तर नको, मेणावर ते नीट धरत नाही.

तिथे डीवॅक्स्ड घ्या. दाणालाख अल्कोहोलमध्ये विरघळवून मेण गाळतात, सक्रिय कोळशाने रंग कमी करतात आणि अल्कोहोल परत मिळवतात. दोन वेगळ्या फिनिशच्या मधला थर म्हणून हिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

ब्लीच्ड सगळ्यांत पांढरी, आणि सगळ्यांत नाजूक. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विरघळवून सोडियम हायपोक्लोराइटने रंग घालवतात, मग आम्ल घालून राळ खाली बसवतात. उष्ण जागी ठेवली तर तिचे गोळे होतात आणि जुनी झाली की स्पिरिटमध्ये धड विरघळत नाही. फिकट लाकूड, गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी, फळांवरचा थर यांना हा रंग लागतो. खाण्याच्या कामाला मात्र खाद्य दर्जाचीच हवी. वेष्टनावर ती ई904 या क्रमांकाने दिसते.

जेवणाच्या टेबलासाठी विचारत असाल तर तिन्ही बाद. गरम भांड्याने डाग पडतो, सांडलेल्या दारूने थर सुटतो.

आणि द्रावण लागेल तेवढंच करा. जुनं द्रावण वापरण्याआधी काचेवर थेंबभर पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही नखाला चिकटलं, तर ते लाकडावरही वाळणार नाही.